एकसारखे दिसणारे हार्वेस्टमन ओळखायचे कसे? (डोळे, खोगीर, त्रिशूळ आणि बरंच काही)

नदीकाठची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात घोळतोय, शेवटी आज धागा काढतेच.

मी इंग्लंडमध्ये लीड्सला राहते. मागच्या अंगणात लाकडाची जुनी शेड आहे आणि तिची एक बाजू कायम सावलीत, दमट. ऑगस्ट लागला की त्या भिंतीवर ते लांबच लांब पायांचे प्राणी येऊन बसायला लागतात, इथे त्यांना हार्वेस्टमन म्हणतात. काल संध्याकाळी मोजले तर अकरा होते. पाय केसासारखे बारीक, आणि मधे अंग म्हणजे शर्टाच्या बटणाहून लहान.

पहिल्या वर्षी मला सगळे एकच वाटायचे. आता रोज बघून बघून लक्षात आलंय की निदान तीन प्रकार आहेत. एक अगदी गोल, नारिंगी-तपकिरी, पाठीवर काही नक्षी नाही. दुसरा जरा मोठा, फिकट, आणि पाठीवर मधोमध काळपट पट्टा. तिसराही तसाच पट्ट्याचा पण पट्ट्याचा आकार वेगळा वाटतो, नक्की काय वेगळं ते सांगता येत नाहीये. शिवाय एकाच्या पायांवर लाल मण्यांसारखे ठिपके आहेत, तो चौथा धरायचा का?

फोनमधल्या अ‍ॅपला विचारलं तर त्याच प्राण्याच्या तीन फोटोंना तीन नावं आली. फोटो टाकलेत खाली, तिन्ही वरून काढलेत. यांच्यात फरक करताना अंगावर नक्की कुठे बघायचं? कुणाला अनुभव असेल तर सविस्तर लिहा प्लीज, मला खरंच शिकायचंय.

भटका_भुंगा

हा तर आमच्या बाथरूमच्या कोपऱ्यात असतो तोच ना? झाडू लावला की जाळ्यात बसल्या बसल्या गदागदा हलतो.

कातरवेळ

भुंगा, नाही हो, तो वेगळा. बाथरूममधला तो खरा कोळी. त्याचं जाळं असतं, अंगाचे दोन भाग स्पष्ट दिसतात, मधे बारीक कंबर असते आणि डोळे बहुतेक आठ असतात. हार्वेस्टमनला कंबरच नाही, पुढचा आणि मागचा भाग एकमेकांत मिसळून एकच गोळा झालेला. रेशीम नाही त्यामुळे जाळं नाही. डोळे फक्त दोन, आणि तेही पुढे कपाळावर नाहीत, पाठीवर मधोमध एक छोटा उंचवटा असतो त्याच्या दोन बाजूंना, एक डावीकडे बघणारा एक उजवीकडे. शेतात मचाण बांधून राखणदार बसवतात ना, तसं.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि दर वर्षी पोरांच्या जर्नलमध्ये हा कोळी म्हणून काढलेला असतो. अष्टपाद दोघंही, पण गट वेगळे. कोळी द्रवरूप अन्न शोषून घेतो, हा चक्क लहान लहान तुकडे गिळतो. मेलेले किडे, बुरशी, पिकून पडलेली फळं, सगळं चालतं त्याला.

नदीकाठची, तुमच्या पायांवरच्या लाल मण्यांचं उत्तर लगेच देते. ते माइट्सची पिल्लं आहेत, गोचिडासारखी चिकटून रस पिणारी. त्यावरून जात ठरत नाही, कुणाच्याही अंगावर बसतात. चौथा प्रकार खोडून टाका.

जर्सीकर

आमच्या न्यू जर्सीत यांना डॅडी लाँगलेग्ज म्हणतात आणि पोरापोरांत ठाम समज आहे की जगातला सगळ्यात जहाल विषारी प्राणी हाच, फक्त त्याचे दात इतके आखूड की माणसाला चावता येत नाही. माझी मुलगी कॅम्पवरून हेच ऐकून आली होती आणि तंबूत झोपायला तयार नव्हती.

कातरवेळ

विष बनवणारी ग्रंथीच नाही त्यांना. असतात त्या वासाच्या ग्रंथी, अंगाच्या पुढच्या भागात दोन्ही कडांना एक एक. चिमटीत धरलं की उग्र वास सोडतो, तेवढंच शस्त्र. मुलीला सांगा बिनधास्त झोप.

ओलं_रान

नदीकाठची, तुमचा धागा बघून हात शिवशिवले, मी नेदरलँड्सला असतो आणि गेली बारा-तेरा वर्षं यांच्याच मागे आहे. जेवण राहिलंय तरी आधी हे लिहितो.

पहिली गोष्ट, तुमच्या तीन प्रकारांपैकी पहिले दोन मला एकाच जातीचे नर-मादी दिसतायत. लायोबुनम रोटंडम. गोल, बिननक्षीचा नारिंगी तो नर, अंग जेमतेम साडेतीन-चार मिलिमीटर. मोठी, फिकट आणि पाठीवर पट्टा असलेली ती मादी. तो पट्टा म्हणजे घोड्यावर खोगीर घालतात तसा, पुस्तकांतही त्याला खोगीरच म्हणतात. हार्वेस्टमनमध्ये नर-मादी इतके वेगळे दिसतात की सुरुवातीला सगळेच एका जातीच्या दोन जाती करून ठेवतात. म्हणून आधी नर की मादी ते ठरवायचं आणि मग मादीची तुलना मादीशीच करायची.

आता तिसरा प्रकार, इथे खरी गंमत. रोटंडमची एक सख्खी बहीण आहे, लायोबुनम ब्लॅकवॉली. दोघी एकाच भिंतीवर, एकाच महिन्यात, शेजारी शेजारी बसतात. दोघींत फरक बघायच्या जागा दोन.

डोळे. मचाणावर (शब्द आवडला कातरवेळ, आता हाच वापरणार) डोळ्याभोवती जे कडं असतं ते रोटंडममध्ये काळपट असतं आणि ब्लॅकवॉलीत पांढुरकं. चष्म्याला पांढरी फ्रेम असावी तसं दिसतं. ही खूण नरातही चालते मादीतही चालते, म्हणून मी पहिली हीच बघतो.

खोगीर. ही खूण मादीपुरती. रोटंडमच्या मादीत पट्ट्याच्या दोन्ही कडा जवळपास समांतर मागेपर्यंत जातात. ब्लॅकवॉलीत पट्टा मागच्या बाजूला रुंदावतो आणि मग एकदम कापल्यासारखा थांबतो, सरळ रेषेत. तुमच्या तिसऱ्या फोटोत मला तो कापलेला शेवट दिसतोय असं वाटतं पण फोटो वरून आणि हललेला आहे, डोळा दिसतच नाही. बाजूने काढा. मचाणाच्या उंचीवर फोन आणून. नुसत्या खोगिरावरून मी नाव देणार नाही.

पानगळ

ओलं रान, खोगिराबद्दल थोडी असहमती. काही माद्यांत पट्टा इतका फिकट असतो की कडा समांतर की रुंद ते ठरवताच येत नाही. आणि अंडी भरलेली मादी म्हणजे पोट फुगून पट्टा ताणलेला, आकारच बदलतो.

ओलं_रान

पानगळ, बरोबर बोललात, म्हणूनच डोळा आधी. खोगीर हा साक्षीदार, निकाल डोळ्यावर.

नदीकाठची

किती छान लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार.

आज सकाळी बाजूने फोटो काढायला गेले तर एक वाईट गोष्ट झाली. एक बरोबर शेडच्या कडीवर बसला होता, तो हलावा म्हणून मी गवताची काडी पुढे केली आणि तो घाईत निघाला तर त्याचा एक पाय माझ्या स्वेटरच्या बाहीच्या लोकरीत अडकला. मी सोडवायच्या आत त्याने पाय तिथेच टाकला आणि सात पायांवर चालता झाला. तो तुटलेला पाय माझ्या बाहीवर बराच वेळ आखडत सरळ होत होता, जिवंत असल्यासारखा. मला फार लागलं ते. परत येतो का पाय?

कातरवेळ

नाही येत. कोळ्यांना कात टाकताना येऊ शकतो, यांना नाही. पण जीव जात नाही त्याने. पाय जिथून सुटतो ती जागा ठरलेली असते, मांडीच्या सुरुवातीला, स्वतःच सोडतात ते. तो वळवळणारा पाय शिकाऱ्याला गुंतवून ठेवतो आणि धनी निसटतो, आपल्याकडच्या पालीच्या शेपटीसारखं. सहा-सात पायांवरचे हार्वेस्टमन सर्रास दिसतात.

फक्त दुसरी जोडी महत्त्वाची, ती सगळ्यात लांब असते आणि चालण्यापेक्षा चाचपडण्यासाठी असते, आंधळ्या माणसाच्या काठीसारखी. ते दोन्ही गेले तर मात्र त्याचं कठीण होतं. तुमच्याकडून मुद्दाम झालेलं नाही, मनाला लावून घेऊ नका.

कातळवाट

वाचतोय सगळं. इंग्लंडचं माहीत नाही पण सह्याद्रीत हे बघितलेत. पावसाळ्यात एका किल्ल्यावर पाण्याच्या टाक्याशेजारी कातळात खोबण होती, आत टॉर्च मारला तर वरच्या छताला काळा केसांचा मोठा झुबका लटकलाय असं वाटलं. जवळ गेलो आणि तो अख्खा झुबका एका तालात वर खाली, वर खाली हलायला लागला. अक्षरशः शेकडो. सोबतचा मित्र किंचाळून मागे सरकला, घसरता घसरता वाचला. ते हेच का?

ओलं_रान

हेच. एकत्र डुलण्याने शिकाऱ्याला एकावर नेम धरता येत नाही. आणि इतक्यांचा वास एकदम सुटला की बाकीचं काम वासच करतो. तुमच्याकडचे बहुतेक गॅग्रेला आणि त्याच्या गणगोतातले असणार. पुढच्या वेळी पाठीवर बघा, कित्येकांच्या पाठीवर मधोमध एक सरळ उभा काटा असतो, बाभळीचा काटा रोवल्यासारखा. युरोपातल्या लायोबुनमला तो नसतो.

पानगळ

गॅग्रेलाचा विषय निघालाच आहे तर त्यातला घोळ सांगते, कारण तो या धाग्याच्या मूळ प्रश्नाशी थेट जोडलेला आहे.

रोएवर नावाचा जर्मन माणूस होता, १८८१ ते १९६३. आज माहीत असलेल्या हार्वेस्टमनच्या जातींपैकी जवळजवळ एक तृतीयांश त्याने एकट्याने नोंदवल्यात, दोन हजारांवर. भारतातल्या आणि आग्नेय आशियातल्या कितीतरी जाती त्याच्याच. पण त्याची पद्धत कशी, तर अंगावरच्या मोजता येणाऱ्या खुणा घ्यायच्या आणि त्यांचं कोष्टक करायचं. पाठीवर काटा आहे का, मचाणावर दाते आहेत का, आणि गॅग्रेलाच्या कुळात तर मांडीच्या लांब भागात जे खोटे सांधे असतात ते कुठल्या पायात किती. एवढ्यावर वंश वेगळा. आता गंमत अशी की यातल्या बऱ्याच खुणा एकाच जातीत कमीजास्त होतात. मग काय झालं, जवळचे भाऊबंद वेगवेगळ्या वंशांत गेले आणि परके एका घरात आले. ती गाठ सोडवायचं काम अजून चालू आहे.

म्हणून माझा मुद्दा, मोजायला सोपी खूण म्हणजे खरी खूण असं नसतं.

भटका_भुंगा

मग खरी खूण कुठली? रंग नाही, पाय नाही, काटा नाही. काय उरलं?

कातरवेळ

भुंगा, प्रश्न एकदम नेमका विचारलात. शेवटचा निकाल बहुतेक वेळा नराच्या जननेंद्रियावर लागतो. कोळ्याच्या नराला शिश्न नसतं, तो पुढच्या मिशांसारख्या अवयवांनी काम भागवतो. हार्वेस्टमनच्या नराला मात्र खरंखुरं असतं आणि त्याच्या टोकाचा आकार, त्यावरचे काटे, पडदे हे जातीजातीत ठरलेले असतात. ते सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतं.

पण म्हणून बाहेरच्या खुणा टाकाऊ नाहीत. कुठल्या खुणा पक्क्या आणि कुठल्या फसव्या एवढं कळलं पाहिजे. वर्गात मी असं सांगते: रंग सगळ्यात आधी फसवतो. कात टाकल्यावर वेगळा, म्हातारपणी वेगळा, आणि नमुना दारूत म्हणजे सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवला की काही महिन्यांत उडतोच. अंगावर उगवलेले दाते-काटे मात्र तसेच राहतात. म्हणून जुने लोक दात्यांवर भर देत. आणि पिल्लं अजिबात ओळखायला जाऊ नका, दाते पूर्ण आलेलेच नसतात त्यांना.

टिचकी

आमच्या बाळ्याला अजून अक्कलदाढ आली नाही म्हणून आम्हीही त्याला अजून ओळखत नाही 😄

ओलं_रान

टिचकी 😄

दात्यांवरून आठवलं, तुमच्या भागात हे नक्की भेटतील. अंगाच्या पुढच्या कडेवर, मचाणाच्या समोर, भिंगातून बघा. ऑलिगोलोफस ट्रायडेन्स नावाचा आहे त्याला तिथे चक्क त्रिशूळ असतो, तीन दाते एकमेकांना चिकटून पुढे रोखलेले. त्याचा भाऊ ऑलिगोलोफस हान्सेनी, त्याला तीनवर भागत नाही, पाच किंवा जास्त, पण बारीक. पाठीवरच्या नक्षीवरून या दोघांत फरक करायला गेलात तर आयुष्य जाईल, त्रिशुळाकडे बघितलं की काही सेकंदांत.

मग मिटोपस मोरिओ, त्याला त्रिशूळच नाही, तिथे बारीक दाते विखुरलेले, मेथी पेरल्यासारखे. आणि फॅलँजियम ओपिलिओ, त्यालाही त्रिशूळ नाही पण जबड्याच्या वर, कडेच्या खाली दोन छोटे पांढरे दाते असतात, समोरून बघितलं तरच दिसतात. त्याचा नर तर बिनभिंगाचा ओळखता येतो, जबड्यांना वर निघालेली शिंगं असतात, खोंडाला असतात तशी. आणि पोट खालून स्वच्छ पांढरं.

कातळवाट

त्रिशूळ! हर हर महादेव. हे लक्षात राहणार.

जर्सीकर

मला एक सांगा, हार्वेस्टमन हे नाव का? कापणी कशाची करतो?

पानगळ

सुगीच्या दिवसांत मोठे होऊन दिसायला लागतात म्हणून. प्रत्येक भाषेत वेगळी कल्पना आहे बघा. डच लोक म्हणतात गवताची गाडी. फ्रेंच म्हणतात गवत कापणारा. जर्मन म्हणतात विणकराचा गडी. आणि वरच्या फॅलँजियमला लिनियसने १७५८ साली नाव दिलं ओपिलिओ म्हणजे लॅटिनमध्ये मेंढपाळ, कारण पूर्वी तिकडे मेंढपाळ उंच काठ्यांवर उभं राहून कळपावर नजर ठेवत असं सांगतात.

टिचकी

मग मराठीत धनगर म्हणा की! लांब ढांगा टाकत जाणारा, काठी पुढे चाचपत. एकदम फिट्ट.

कातळवाट

टिचकी, आज पहिल्यांदा तुझ्याशी शंभर टक्के सहमत. आमच्या घाटावर धनगर असाच चालतो, त्याच्या चालीला चाल लावता लावता आपण धापा टाकतो. "धनगरकोळी" म्हटलं तर?

कातरवेळ

कोळी नको रे, तीच तर चूक दुरुस्त करतोय सगळे 🙂 नुसतं "धनगर" छान आहे.

रानमेवा

थोडं वेगळं बोलते, राग मानू नका. जननेंद्रिय बघायचं म्हणजे प्राणी मारायचा ना? नुसतं नाव कळावं म्हणून मारायचं? मला हे पटत नाही. भिंतीवर बसलाय, कुणाचं काही बिघडवत नाहीये, असू दे की त्याला बिननावाचा. आपण त्याला काय म्हणतो याने त्याचं काय अडतं.

ओलं_रान

रानमेवा, राग कसला, मीही मारत नाही. माझ्याकडच्या नव्वद टक्के नोंदी फोटोवरच्या आहेत आणि फोटोत खूण दिसली नाही तर मी वंशापर्यंत नाव लिहून थांबतो. पण "काय अडतं" याला माझ्याकडे उत्तर आहे आणि ते मला मनापासून सांगावंसं वाटतं.

युरोपात घरांच्या भिंतींवर ओपिलिओ पॅरिएटिनस नावाचा असायचा, अगदी घरगुती, पिढ्यान् पिढ्या. मग दक्षिणेकडून, इटलीच्या बाजूने, त्याचाच भाऊ ओपिलिओ कॅनेस्ट्रिनी वर सरकायला लागला. ब्रिटनमध्ये त्याची नोंद १९९९ ची. दोघं इतके सारखे की लोकांना वाटत राहिलं, आहेत की आपलेच भिंतीवर. आणि दरम्यान जुना घरमालक बऱ्याच शहरांतून जवळपास नाहीसा झाला. फरक कुठे, तर पोटाकडून बघायचं, पायांच्या मुळाशी पॅरिएटिनसला काळे शिंतोडे असतात, कॅनेस्ट्रिनीला नसतात. एवढीच गोष्ट. ज्यांनी उलटं करून ते शिंतोडे बघून ठेवले होते त्यांच्यामुळेच कळलं की एक जात जाऊन दुसरी आली. नाव माहीत नसेल तर कोण गेलं हेसुद्धा कळत नाही.

रानमेवा

हे माहीत नव्हतं. शिंतोडे बघायला मारायला लागत नाही ना?

ओलं_रान

अजिबात नाही. काचेच्या बाटलीत घ्यायचा, खालून फोटो काढायचा, तिथेच सोडायचा. दोन मिनिटं. फक्त बाटली उन्हात धरू नका, लवकर सुकतात.

रानमेवा

मग चालेल. त्याला दोन मिनिटं उशीर झाला तर माफ करेल तो.

पानगळ

फोटोवर थांबायचं कुठे याचं उदाहरण, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बोर्नमथला १९५७ मध्ये डायक्रॅनोपाल्पस रामोसस सापडला, मग सगळीकडे पसरला. बघताक्षणी ओळखू येतो, पुढच्या मिशांना फाटा फुटलेला असतो, गुलेरीच्या बेचक्यासारखा, आणि पाय दोन्ही बाजूंना जुडी करून सरळ ताणून बसतो. इतका सोपा की डोळे झाकून नाव लिहायचे लोक. मग २०१५ मध्ये एक निबंध आला, १९४८ साली वेगळी म्हणून नोंदवलेली आणि नंतर रामोससमध्ये विलीन केलेली कॉडाटस ही जात खरंच वेगळी आहे. म्हणजे सोप्या खुणेच्या पोटातसुद्धा दोन निघू शकतात.

जर्सीकर

बापरे. म्हणजे तुम्ही लोक कधीच निवांत नसता.

ओलं_रान

निवांत कसले! आमच्याकडे तर एक अशी जात आहे जिचं नावच नाही. २००० नंतर नेदरलँड्समध्ये एक मोठा लायोबुनम दिसायला लागला, पायांसकट पसरला तर हाताच्या पंजाएवढा सहज भरतो, शेकडोंच्या घोळक्याने भिंतीवर एकमेकांच्या पायांत पाय घालून बसतो. २००७ मध्ये तिघा जाणकारांनी त्यावर लेख लिहिला आणि जगातल्या माहितीच्या कुठल्याही जातीशी तो जुळत नाही म्हणून नाव दिलं नाही, त्याला "स्पीशीज ए" एवढंच म्हणतात. कुठून आला हेही कोडंच. मी पहिल्यांदा एका जुन्या गोदामाच्या भिंतीवर बघितला तेव्हा अंधार पडत होता, आधी वाटलं भिंतीवर काळी वेल चढलीय. बोट जवळ नेलं आणि वेल हलली. अजून अंगावर काटा येतो.

कातळवाट, तुमच्या टाक्यातल्या झुबक्याचं वाचून म्हणूनच मला इतकं बरं वाटलं.

कातरवेळ

नदीकाठची, तुम्ही लीड्सला म्हणजे ब्रॅडफर्ड शेजारीच ना? मग तुमच्या तिसऱ्या प्रकाराचा तुमच्या गावाशी संबंध आहे. ब्लॅकवॉली ही जात १८६१ मध्ये रिचर्ड मीडने नोंदवली, आणि तो ब्रॅडफर्डचा सर्जन होता. दिवसा शस्त्रक्रिया आणि उरलेल्या वेळात हे. नाव दिलं जॉन ब्लॅकवॉलवरून, त्या काळातला इंग्लंडमधला कोळ्यांचा मोठा अभ्यासक. रोटंडम त्याआधीच, १७९८ पासून माहीत होती. म्हणजे साठेक वर्षं त्या दोघी बहुधा एकाच नावाखाली नांदत होत्या. कुणीतरी निवांत बसून बारकाईने बघितलं तेव्हा वेगळ्या झाल्या.

पानगळ

आणि जवळच्या पेनाइन्स डोंगरांतल्या माळावर गेलात तर मिटोपसही बघा. तिथल्या हेदरच्या झुडपांतल्या लांब पायांच्या मिटोपसला १९८२ मध्ये वेगळी जात म्हणून नाव मिळालं, एरिकेअस, हेदरवरूनच. तिथे नुसती पायाची लांबी बघून चालत नाही, अंगाच्या मानाने पाय किती ते बघावं लागतं. मोठ्या प्राण्याचे पाय मोठे असणारच ना.

भटका_भुंगा

काल रात्री बायकोला बाथरूममधला दाखवून सांगितलं, हा कोळी, कंबर बघ, जाळं बघ. ती म्हणाली रात्री साडेअकरा वाजता? 😀 पण कंबर दिसली तिला.

नदीकाठची

चार दिवस पाऊस होता त्यामुळे उशीर झाला. आज रात्री थांबला तशी टॉर्च आणि फोनला लावायची ती छोटी भिंग घेऊन गेले. ओलं रान म्हणाले तसं खाली बसून, मचाणाच्या उंचीवर फोन आणला. पहिले दहा-बारा फोटो गेले, श्वास लागला तरी फोकस हलत होता. मग फोन शेडच्या आडव्या पट्टीवर टेकवला आणि श्वास धरला.

नऊ होते आज. पट्टेवाल्या चार माद्या. तिघींचे डोळे म्हणजे काळ्या मण्याभोवती काळंच, कुठे मणी संपतो कळत नाही. चौथी सगळ्यात कोपऱ्यात, शेवाळ आलंय तिथे. टॉर्च तिरका धरला आणि डोळ्याभोवती पांढरं कडं असं चमकलं की मी मोठ्याने "अगं बाई" म्हणाले. खडूने गोल काढावा तसं. मग वरून खोगीर बघितलं तर मागे रुंद होऊन सुरीने कापल्यासारखं सरळ थांबलेलं, तिन्ही शेजारणींचं मात्र समांतर खालपर्यंत गेलेलं. चारही एका फोटोत आल्यात, टाकलाय खाली.

नारिंगी नर पाच, पाचही काळ्या डोळ्यांचे. त्यातला एक सात पायांचा. तोच असावा. दुसरी जोडी शाबूत आहे, दोन्ही लांब पाय पुढे करून भिंत चाचपत होता, बघून जिवात जीव आला.

ओलं_रान

फोटो बघितला. ब्लॅकवॉली, शंका नाही. अभिनंदन!! कड्याचा फोटो इतका स्वच्छ आलाय की मी माझ्या नव्या लोकांना दाखवायला मागून घेणार आहे तुमच्याकडून. आयरेकॉर्डवर (निसर्गातल्या नोंदी गोळा करणारी ब्रिटनमधली वेबसाइट) तारीख आणि जागा टाकून नोंद करा, आणि चौघींचा एकत्र फोटो जोडा म्हणजे तपासणाऱ्याला तुलना करता येईल.

नदीकाठची

केली नोंद आत्ताच. फोटो हवा तेव्हा घ्या, तुमचाच आहे तो.

एक विचारू? ऑक्टोबरनंतर हे सगळे जातात कुठे? मागच्या वर्षी एक दिवस अचानक भिंत रिकामी झाली होती.

कातरवेळ

थंडी पडली की हे मोठे मरतात. पण त्याआधी मादी पोटाखालून लांब नळी काढून मातीत, फटीत अंडी घालते आणि अंडी हिवाळा काढतात. शेडच्या बुडाशी जी ओली माती आहे ना, ती यंदा उकरू नका.

नदीकाठची

तिथे ट्यूलिपचे कंद लावणार होते. आता पलीकडच्या वाफ्यात लावते.